चुकलेल्या उत्तराचा माग

पाचशे तीन वजा दोनशे सेहेचाळीस. हातच्याची साधी वजाबाकी, उत्तर २५७. वर्गात एका मुलाचे उत्तर येते ३४३, दुसऱ्याचे १६७ आणि तिसऱ्याचे ३५७. तिन्ही वह्यांवर लाल शाईची सारखीच फुली पडते आणि शेराही सारखाच : 'सराव करा'. पण तिघे सारखे चुकलेले नाहीत. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. ३ आणि ६ यांचे ३, ० आणि ४ यांचे ४. हातचा ही गोष्टच त्याच्या हिशेबात नाही. दुसऱ्याला हातचा घेता येतो, पण मध्ये शून्य आले की तो त्याला ओलांडून थेट शतकाच्या घरात जातो, आणि एकदा एककासाठी, एकदा दशकासाठी असे पाचातून दोनदा एकेक कमी करतो. तिसरा शून्याचे नऊ करतो, तेही बरोबर. पण त्यासाठी शतकातला एक जायला हवा हे राहून जाते आणि ५ तसेच उरतात. या तिघांना आणखी दहा वजाबाक्या घातल्या तर प्रत्येक जण आपली चूक दहा वेळा घोटून पक्की करील.

घरी शिकवणीला येणाऱ्या अनुभवी बाई हे पाच-दहा मिनिटांत ओळखतात. मूल पेन्सिल कुठे थांबवते, काय पुटपुटते, कुठल्या घरात खाडाखोड करते, एवढे त्यांना पुरते. त्याच बाईंना चाळीस मुलांच्या वर्गात हे जमत नाही. दोन इयत्ता एका खोलीत, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा, आणि त्यातून उरलेल्या वेळात चाळीस वह्या. शेजारी बसून शिकवणाऱ्या बाईंचे काम संगणकाला जमेल का, या एका प्रश्नामागे संशोधकांच्या दोन पिढ्या लागल्या. त्यातून जी यंत्रणा उभी राहिली तिला इंटेलिजंट ट्युटरिंग सिस्टिम म्हणतात. नाव भारदस्त आहे, म्हणून या पुस्तकात तिला नुसते 'ट्यूटर' म्हटले आहे.

हे पुस्तक शिक्षकांसाठी आहे, मुख्याध्यापकांसाठी आहे आणि ज्यांच्या घरी एखादे शिकवणारे ॲप वर्षाचे पैसे भरून घेतले गेले आहे अशा पालकांसाठीही आहे. 'प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिक्षण' हे वाक्य आता प्रत्येक माहितीपत्रकावर असते. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच, की व्हिडिओ हवा तेव्हा थांबवता येतो, उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न जरा अवघड येतो आणि पडद्यावर मुलाचे नाव झळकते. एवढ्याला मी वैयक्तिक शिक्षण म्हणायला तयार नाही. माझी कसोटी सोपी आहे. ट्यूटरला मुलाच्या चुकीबद्दल काय माहीत आहे? '३४३' आणि '१६७' या दोन उत्तरांना तो दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत असेल तर त्याला बुद्धिमान म्हणावे. दोघांना 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणत असेल तर तो रंगीत वही आहे. पुढची सगळी प्रकरणे या कसोटीभोवती फिरतात.

शिकवणारी यंत्रे संगणकाच्याही आधीची आहेत. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात टाइपरायटरसारखे दिसणारे एक यंत्र बनवले. छोट्या खिडकीत प्रश्न, खाली चार कळा. बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न सरकत नसे. ठरावीक उत्तरे बरोबर आली की गोळी बाहेर पडावी अशीही सोय त्यांनी केली होती. (आजच्या ॲपमधली नाणी आणि बिल्ले पाहिले की वाटते, गोळी बरी होती, खाता तरी येत असे.) मंदीच्या काळात यंत्राला गिऱ्हाईक मिळेना आणि १९३२ मध्ये प्रेसींनी खेदपूर्वक हे काम सोडत असल्याचे जाहीर केले.

त्यानंतरचे मोठे नाव बी. एफ. स्किनर यांचे. १९५३ साली ते पालक म्हणून मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताच्या तासाला जाऊन बसले. ज्यांचे सोडवून झाले होते ते रिकामे, ज्यांना येत नव्हते ते अडलेले, आणि बरोबर की चूक हे सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कळणार. हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि काही दिवसांतच त्यांनी पहिले यंत्र तयार केले. त्यांचा उपाय असा, की धड्याचे इतके बारीक तुकडे करायचे की मूल जवळजवळ चुकणारच नाही. स्किनर यांच्या दृष्टीने चूक म्हणजे धड्याच्या रचनेतला दोष. ती होऊच द्यायची नाही. हा विचार मी मुद्दाम येथे नोंदवतो आहे, कारण पुढचा सगळा इतिहास याच्या उलट दिशेने गेला : मूल चुकू दे, त्याच्या चुकीतच सगळी माहिती आहे.

स्टॅनफर्डचे पॅट्रिक सप्स यांनी १९६६ मध्ये लिहिले होते, की आणखी काही वर्षांत लाखो शाळकरी मुलांना सिकंदराला लाभला तसा ॲरिस्टॉटलच्या तोडीचा खासगी गुरू लाभेल. साठ वर्षे झाली. त्या काळातले संगणकी धडे म्हणजे सगळे प्रश्न, सगळी संभाव्य उत्तरे आणि त्यावरचे शेरे आधीच लिहून ठेवलेले. १९७० मध्ये हैमे कार्बोनेल यांनी 'स्कॉलर' नावाचा प्रोग्रॅम मांडला आणि ही रीत मोडली. दक्षिण अमेरिकेच्या भूगोलातली माहिती त्यांनी एकमेकींशी जोडलेल्या जाळ्याच्या रूपात भरली. प्रश्न संगणक स्वतः तयार करी, आणि विद्यार्थ्यालाही उलट प्रश्न विचारण्याची मुभा होती. विषयाचे ज्ञान वेगळे आणि शिकवण्याची रीत वेगळी ठेवायची, ही विभागणी तेव्हापासूनची.

पण विषयाचे ज्ञान म्हणजे शिकवण्याचे ज्ञान नव्हे, हे कळायला आणखी एक दशक गेले. स्टॅनफर्डमध्येच 'मायसिन' नावाची प्रणाली होती. रक्तातल्या जंतुसंसर्गाचे निदान ती शेकडो नियमांच्या आधारे करी, आणि चांगले करी. विल्यम क्लॅन्सी यांनी तिच्यावर 'गायडन' हा ट्यूटर उभारला. हेतू असा, की तेच नियम वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवावेत. अडचण लगेच आली. नियमात 'असे असेल तर तसे' एवढेच होते; 'का' कुठेच नव्हते. कोणता प्रश्न आधी विचारायचा, कोणती शक्यता आधी बाजूला सारायची, हे ज्ञान नियम लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या डोक्यात राहून गेले होते. गणितात पहिला आलेला मुलगा धाकट्या भावाला शिकवायला बसला की घरात आरडाओरडा का होतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या पुस्तकाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे वर्ष १९७८. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी त्या वर्षी वजाबाकीतल्या चुकांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला दिलेल्या तीनही चुका त्यांच्या यादीतल्या. निकाराग्वातल्या तेराशेहून अधिक मुलांनी सोडवलेल्या वजाबाक्या त्यांनी संगणकाला तपासायला दिल्या. निष्कर्ष असा निघाला, की यातली बरीच मुले हलगर्जीपणाने चुकत नाहीत. ती एक पद्धत अगदी काटेकोरपणे पाळतात. फक्त ती पद्धत एके ठिकाणी बिघडलेली असते. बिघाड कळला की पुढच्या गणितात ते मूल कोणते चुकीचे उत्तर देईल हे आधी सांगता येते. त्यांनी 'बगी' नावाचा एक खेळही केला होता. त्यात संगणक विद्यार्थी होई आणि शिक्षक त्याला गणिते घाली. संगणक एक ठरावीक चूक धरून उत्तरे देई आणि ती चूक शिक्षकाने ओळखायची. डी.एड.च्या प्रत्येक वर्गात हा खेळ आजही खेळावा असा आहे, आणि त्याला संगणकाचीही गरज नाही. दोन शिक्षक आणि एक पाटी पुरे.

ब्राउन-बर्टन यांनी चूक ओळखून दाखवली. मूल गणित सोडवत असतानाच तिथल्या तिथे मदत करणारा ट्यूटर उभा केला तो पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. अँडरसन मूळचे मानसशास्त्रज्ञ. माणूस कौशल्य कसे शिकतो याचा सिद्धांत त्यांनी मांडला होता, आणि तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी त्यांना शिकवणारा संगणक हवा होता. आधी प्रोग्रॅमिंग, मग भूमिती, मग बीजगणित असे ट्यूटर त्यांनी केले. प्रत्येक गणित सोडवण्याचे बरोबर मार्ग आणि नेहमीचे चुकीचे मार्ग संगणकात भरलेले असतात. मूल एक पायरी लिहिते, संगणक ती यांपैकी कुठल्या मार्गावर बसते ते पाहतो. मार्ग बरोबर असेल तर गप्प राहतो. ओळखीच्या चुकीवर नेमकी सूचना देतो. मुलाने मदत मागितली तर आधी मोघम इशारा, मग जरा स्पष्ट, आणि शेवटी पायरीच सांगून टाकतो.

दुसरे काम पुढचे गणित निवडण्याचे. त्यासाठी १९९५ मध्ये अल्बर्ट कॉर्बेट आणि अँडरसन यांनी दिलेली रीत आजही वापरात आहे. गणिताला घाबरणाऱ्या वाचकानेही पुढचा परिच्छेद वगळू नये. त्यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही, आणि यंत्र मुलाला 'ओळखते' म्हणजे काय करते ते तिथेच कळते.

समजा, शून्यावरून हातचा घेणे हे एक कौशल्य. मुलाला ते येत असण्याची शक्यता सुरुवातीला आपण शंभरात ४० धरू. येत असूनही घाईत चुकण्याची शक्यता १०, आणि येत नसताना अंदाजाने बरोबर येण्याची २०. प्रत्येक गणितागणिक न येणाऱ्याला ते उमगण्याची शक्यता २०. आता मुलाचे पहिले उत्तर बरोबर आले. अशी शंभर मुले धरली तर ज्यांना येते त्या चाळीसांपैकी ३६ जणांचे उत्तर बरोबर येईल, ज्यांना येत नाही त्या साठांपैकी १२ जणांचे अंदाजाने येईल. म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्या ४८ जणांत खरे जाणकार ३६. चाळीसची शक्यता पंचाहत्तरवर गेली. उरलेल्या पंचवीसमध्ये उमगण्याचा पाचवा हिस्सा मिळवला की ८०. दुसरेही उत्तर बरोबर आले तर हाच हिशेब ९५ च्या किंचित वर पोचतो, आणि रूढ संकेताप्रमाणे ट्यूटर म्हणतो, हे कौशल्य झाले, पुढे चला. पहिलेच उत्तर चुकले असते तर चाळीसचे सव्वीस झाले असते आणि त्याच जातीची आणखी गणिते आली असती. बस, एवढेच. यात जादू नाही, मुलाच्या मनात डोकावणे नाही. आहे ती एक शहाणी नोंदवही, जी प्रत्येक उत्तरानंतर आपले मत थोडे बदलते. आणि ते चार आकडे आले कुठून, हा प्रश्न वाचकाने मनात ठेवावा. ते आधीच्या हजारो मुलांच्या उत्तरांवरून काढलेले असतात. ती मुले कुठली, यावर बरेच अवलंबून आहे.

या सगळ्याचा उपयोग होतो का? येथे दावे फार मोठे आहेत, म्हणून जरा थांबावे लागेल. १९८४ मध्ये शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम यांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या आधारे लिहिले, की खासगी शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. एका मुलाला एक शिक्षक कोणत्याच समाजाला परवडत नाही, तेव्हा हेच फळ स्वस्तात कसे मिळवायचे, असे त्यांचे आव्हान होते. शैक्षणिक ॲप विकणाऱ्या प्रत्येकाच्या सादरीकरणात हा ९८ चा आकडा असतोच. त्याच्या पुढची कथा मात्र नसते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम प्रमाण विचलनाच्या ०.७९ इतका निघाला. म्हणजे चांगला, पण ब्लूम यांच्या निम्म्याहूनही कमी. ब्लूम यांच्या शिकवणीच्या मुलांना पुढे जाण्यासाठी वरची पातळी गाठावी लागत होती, हेही त्या फरकाचे एक कारण. त्याच आढाव्यात पायरीपायरीला मदत करणाऱ्या ट्यूटरचा आकडा ०.७६ होता, आणि नुसते शेवटचे उत्तर तपासणाऱ्या संगणकी धड्यांचा ०.३१. मला या तीन आकड्यांतला शेवटचा सगळ्यांत बोलका वाटतो. आपल्याकडे जे विकले जाते ते बहुतांश या तिसऱ्या जातीचे असते, आणि किंमत मात्र दुसऱ्या जातीची लावलेली असते.

प्रयोगशाळेतून शाळेत आल्यावर आकडे आणखी खाली उतरतात. अँडरसन यांच्या बीजगणिताच्या ट्यूटरचा रँड या संस्थेने अमेरिकेतल्या सात राज्यांतल्या १४७ शाळांत अभ्यास केला. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी लक्षणीय फरक नाही. दुसऱ्या वर्षी हायस्कुलांत मधला विद्यार्थी पन्नासाव्या शततमकावरून अठ्ठावन्नाव्यावर गेला. पहिल्या वर्षी शाळा फक्त वेळापत्रक बसवत होत्या, असा मी त्याचा अर्थ लावतो. आपल्या शाळांत कोणताही उपक्रम दुसरे वर्ष पाहत नाही, हे आठवले की वाईट वाटते.

मुलेही काही कमी नसतात. मदतीचे बटण पटापट दाबत गेले की शेवटी उत्तरच मिळते, हा शोध त्यांनी पहिल्याच आठवड्यात लावला. रायन बेकर यांनी २००४ च्या सुमारास या 'गेमिंग'वर अभ्यास केला आणि असे करणारी मुले कमी शिकतात असे दाखवले. याहून काळजीची ती मुले, जी प्रामाणिकपणे सोडवत राहतात पण ज्यांची नोंद कधीच ९५ वर जात नाही. ट्यूटर त्यांना तसलीच गणिते घालत बसतो, आणि चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक जागच्या जागी फिरावे तसे ते मूल फिरत राहते. संशोधकांनीही त्याला चाक फिरण्याचेच नाव दिले आहे. अशा वेळी यंत्राने हात टेकून शिक्षकाला हाक मारायला हवी. जो ट्यूटर ते करत नाही तो वर्गात नसलेला बरा.

शिक्षकाचे काय होते, यावर पिट्सबर्गच्या शाळांतून जे दिसले ते भीतीच्या उलट होते. भूमितीचा ट्यूटर आल्यावर जॅनेट स्कोफिल्ड यांनी वर्गात बसून निरीक्षण केले. शिक्षक फळ्यापासून सुटले, बाकांमधून फिरू लागले आणि त्यांचा जास्त वेळ मागे पडलेल्या मुलांकडे गेला.

आता आपल्याकडे. भारतात या प्रश्नाचे रूप थोडे वेगळे आहे, कारण आपल्या एकाच वर्गात अनेक इयत्ता बसलेल्या असतात. मुंबईतल्या वस्त्यांत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाने हे फार आधी ओळखले होते : मूल कोणत्या इयत्तेत आहे ते विसरा, त्याला काय येते तिथून सुरू करा. मुंबई आणि वडोदरा येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, अशी गणिताची संधी दिली गेली. दुसऱ्या वर्षाअखेर गुणांतला फरक प्रमाण विचलनाच्या ०.४७ इतका होता. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच ओसरला, हेही त्यांनी लपवले नाही.

याहून थेट पुरावा दिल्लीचा. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्ज या कंपनीचे 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर मुलांच्या चुकांच्या मोठ्या साठ्यावर उभे आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी २०१५ मध्ये सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या ६१९ मुलांवर त्याचा अभ्यास केला; निम्म्यांना सोडत काढून माइंडस्पार्कच्या शिकवणी केंद्रात प्रवेश दिला होता. आधी चाचणी घेतली तेव्हा सहावीचे सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे आढळले, नववीचे साडेचार. रोज नव्वद मिनिटे, निम्मा वेळ संगणकावर, निम्मा वेळ शिक्षकासोबत लहान गटात. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतका फरक पडला. केंद्रात न गेलेल्यांपैकी तळाच्या तिसऱ्या हिश्शातली मुले त्या काळात शाळेत बसून जवळजवळ काहीच नवे शिकली नव्हती. आणि तरीही शाळेच्या गणिताच्या परीक्षेत केंद्रातल्या मुलांचे गुण फारसे हलले नाहीत. नवल नाही. ट्यूटर आठवीच्या मुलाला त्याच्या खऱ्या पातळीवर, म्हणजे चौथीचे अपूर्णांक शिकवत होता; परीक्षा आठवीच्या पुस्तकावर होती. मूल शिकले, पण गुणपत्रिकेला ते कळले नाही. मुलाच्या पातळीवर शिकवणारी यंत्रणा आणायची आणि परीक्षा मात्र इयत्तेचीच ठेवायची, हा विरोधाभास कोणतेही सॉफ्टवेअर सोडवणार नाही. तो शिक्षण खात्यालाच सोडवावा लागेल.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि हा सगळा इतिहास जुना झाला असे पुष्कळांना वाटू लागले. यंत्र आता मराठीत बोलते, न कंटाळता दहा वेळा समजावते, मग चुकांच्या याद्या कशाला? तुर्कस्तानातल्या एका हायस्कुलात सुमारे हजार मुलांवर झालेला प्रयोग याचे उत्तर देतो. एका गटाला साधा जीपीटी-४ दिला. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पण मदत काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा, ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्यापेक्षा ते १७ टक्के कमी पडले. दुसऱ्या गटाच्या यंत्राला प्रत्येक गणिताचे बरोबर उत्तर, त्यात मुले सहसा कुठे चुकतात आणि कोणता इशारा द्यावा, हे शिक्षकांनी लिहून दिले होते. त्या गटाचे नुकसान टळले. फायदाही परीक्षेत दिसला नाही, हे सांगायला हवे. म्हणजे नवे यंत्र कितीही बोलके असले तरी त्याला शहाणे करायला पुन्हा तीच जुनी सामग्री लागली : शिक्षकाच्या वहीतली चुकांची यादी.

आणि ती यादी मराठीत जवळजवळ नाही. या पुस्तकाचा शेवटचा भाग मी याच कारणासाठी लिहिला आहे. परदेशी ट्यूटरचे भाषांतर करून ही उणीव भरणार नाही, कारण आपल्या मुलांच्या काही चुका फक्त आपल्या आहेत. 'पंचवीस' ऐकताना मुलाच्या कानावर आधी पाच पडतात, आणि ते ५२ लिहून मोकळे होते. 'एकोणपन्नास'मध्ये पन्नास ऐकू येते म्हणून ५९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली तेव्हा विधानसभेपासून व्हॉट्सॲपपर्यंत चेष्टा झाली. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या, की जोडाक्षरांनी भरलेली ही संख्यानामे लहान मुलांना अवघड जातात. त्या वादात किती जणांनी मुलांच्या वह्या उघडून पाहिल्या? सेमी-इंग्रजीत गेलेल्या मुलाची गोष्ट आणखी निराळी. कालपर्यंतचा १ आता 9 सारखा भासतो, ४ आणि 8 यांची गल्लत होते. बेरीज बरोबर, उत्तर चूक. ज्या ट्यूटरच्या चार आकड्यांमागची हजारो मुले दुसऱ्याच भाषेत शिकली, त्याला हे कसे कळावे?

व्यवहारातली आणखी एक अडचण संशोधनाच्या कागदांत सहसा सापडत नाही. खेड्यात एका मोबाइलवर तीन भावंडे अभ्यास करतात, एकाच नावाने. पाचवीतली ताई, तिसरीतला दादा आणि मधूनच बोट मारणारा धाकटा. ट्यूटर या तिघांचे मिळून एक मूल समजतो आणि त्या नसलेल्या मुलाला मन लावून शिकवत राहतो. नोंदींच्या गुप्ततेचा प्रश्नही आहेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांची माहिती घेताना पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे. त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, येथे लांबण लावत नाही.

मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात गणित शिक्षणावर संशोधन चालते, आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर. माणसे आहेत, विद्या आहे. कच्चा माल मात्र जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि आश्रमशाळांच्या वर्गांत पडून आहे, आणि दर जूनमध्ये जुन्या वह्यांबरोबर रद्दीत जातो. माझी शिक्षकांना विनंती आहे, की यंदा एक घटक निवडावा : हातच्याची वजाबाकी, अपूर्णांकांची बेरीज, काहीही. चुकलेले उत्तर जसेच्या तसे लिहून ठेवावे. शेजारी मुलाने ते कसे काढले हे त्याच्याच शब्दांत. मुलाचे नाव नको. इयत्ता, माध्यम आणि घरची भाषा पुरे. तुमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहा शाळांनी अशा वह्या एकत्र केल्या तर मराठी ट्यूटरची सुरुवात तिथेच होईल, आणि तो बनेपर्यंत त्या वह्या तुमच्याच उपयोगी पडतील.

पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. तांत्रिक भागात रस नसलेल्यांनी दुसरा भाग सोडून दिला तरी चालेल. मात्र ज्या मुख्याध्यापकांना किंवा शाळा व्यवस्थापन समितीला यंदा असे काही विकत घ्यायचे आहे, त्यांनी विक्रेत्याला विचारायच्या प्रश्नांचे शेवटचे प्रकरण आधी वाचावे, उत्तरे लेखी मागावीत आणि मगच करारावर सही करावी.